जुना लॅपटॉप, वाचनालयाचा अहवाल आणि पहिलं लिनक्स

ड_वर्गवाला

नमस्कार मंडळी,

जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झालो. आता कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं दप्तर सांभाळतो. वाचनालय ड वर्गातलं, म्हणजे सगळ्यात कमी अनुदानाच्या वर्गातलं. ज्यांना अ-ब-क-ड ठाऊक आहे त्यांना अनुदानाची कथा सांगायला नको. कार्यकारिणीत नवीन संगणकाचा विषय काढला की सगळे छताकडे बघायला लागतात. त्यामुळे सगळं काम माझ्या घरच्या लॅपटॉपवर चालतं.

लॅपटॉप डेलचा, इन्स्पिरॉन. आय-३, सहावी पिढी. रॅम ४ जीबी, डिस्क १ टीबी, जुन्या पद्धतीची फिरणारी. विंडोज १० आहे. बटण दाबून तो कामाला लागेपर्यंत माझी दिवसाची वर्तमानपत्रं फायलीला लावून होतात. विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, तसा निरोपच स्क्रीनवर येतो. आणि १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले म्हणतात.

सल्लागार भरपूर आहेत. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. व्याही म्हणतात, विंडोज काढून लिनक्स ही फुकटची प्रणाली घ्या, तिच्यातलं उबुंटू टाका. पुतण्या पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो, काका, लिनक्सच, पण आर्च. यूट्यूबवर बघायला गेलो तर प्रत्येक जण वेगळं नाव घेतो आणि प्रत्येकाचं 'नवशिक्यांसाठी सर्वोत्तम' असतं.

माझी कामं अशी: वाचनालयाचा वार्षिक अहवाल आणि पत्रव्यवहार मराठीत. जमाखर्च एक्सेलमध्ये, तो सीए साहेबांना मेलने जातो. ते पुढे टॅलीत काय करतात ते त्यांचं त्यांना. बँकेचं काम, व्हॉट्सअॅप वेब, संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० प्लस.

एक मोठी अडचण आहे. मी टंकलेखन यंत्रावर शिकलेला माणूस, मराठी ४० ची परीक्षा पास. बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे टंकयंत्राच्या कळफलकावर, बसलेली आहेत. जुने सगळे अहवाल श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते उघडले नाहीत तर मला लिनक्स फुकट असूनही परवडणार नाही.

मला संगणक शिकायची हौस नाही, अहवाल वेळेत गेला पाहिजे. कोणतं टाकू?

---

रूट_आहे_मी

काका, पुतण्याचं ऐका. आर्च एकदा हाताने बसवलं की मशीनच्या आत काय चाललंय ते कळतं. त्याची विकी, म्हणजे माहितीची साइट, इतकी चांगली आहे की कुणाला विचारायची वेळच येत नाही. आता तर आर्चइन्स्टॉल नावाचा सोपा इन्स्टॉलरही आहे. अर्ध्या तासात काम होतं.

---

सीडी_आली_होती

अरे, ते अहवालाबद्दल विचारतायत आणि तू त्यांना विकी वाचायला बसवतोस.

ड_वर्गवाले साहेब, माझं मत व्याह्यांच्या बाजूने. उबुंटू २००४ पासून आहे. तेव्हा आमच्याकडे डायलअप होतं. उबुंटू काढणारी कॅनॉनिकल कंपनी जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवायची, २०११ पर्यंत पाठवत होती. पाकीट घेऊन पोस्टमन आला तेव्हा आईने विचारलं होतं, परदेशातून कोण पाठवतंय तुला? तेव्हापासून मी त्यावरच आहे.

फायदा काय, तर कुठलीही अडचण शोधा, उत्तर उबुंटूसाठी लिहिलेलं सापडतं. फक्त एलटीएस घ्या, म्हणजे दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते ती आवृत्ती. तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. अधल्यामधल्या आवृत्त्यांना नऊ महिनेच मिळतात, त्यांच्या नादाला लागू नका. २४.०४ ही २०२९ पर्यंत चालेल.

---

ठाकुर्ली_स्लो

झोरिनचं नाव कुणी कसं घेतलं नाही? आयर्लंडमधल्या दोघा भावांनी सुरू केलेलं आहे. दिसायला अगदी विंडोजसारखं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. झोरिन १८ तर मुद्दाम १४ ऑक्टोबर २०२५ ला काढलं, विंडोज १० चे अपडेट संपले त्याच दिवशी. माझ्या सासऱ्यांना बसवून दिलं. त्यांनी आठवडाभर विंडोज समजूनच वापरलं.

आणि काका, एवढी घाईही नाहीये. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत, त्यासाठी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं. तोवर सावकाश ठरवा.

---

लॅबवाली

काका, नमस्कार. मी कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये सहायक आहे. आमच्याकडची निम्मी मशिनं तुमच्या लॅपटॉपपेक्षा जुनी आहेत. विद्यार्थी त्यांच्यावर दिवसभर हात मारत असतात, आणि त्यांच्यावर लिनक्स आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, वर आलेली सगळी नावं चांगली आहेत. उबुंटू, मिंट, झोरिन ही तर एकाच घरातली. उबुंटू डेबियन या जुन्या लिनक्सवरून निघालं, मिंट आणि झोरिन उबुंटूवरून. आत बरंचसं सामान सारखंच आहे. त्यामुळे 'कोणतं सर्वोत्तम' यावर इथे पानंच्या पानं भरतील आणि तुमचा अहवाल तसाच राहील.

मी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, ठरवताना एकच प्रश्न विचारते. रात्री साडेनऊला काहीतरी अडलं तर तुम्ही फोन कुणाला लावणार? तो माणूस डोळे मिटून जी स्क्रीन सांगू शकेल ती तुमच्या लॅपटॉपवर हवी. 'डावीकडे खाली हिरवं गोल चिन्ह आहे ना, ते दाबा' असं फोनवर सांगता आलं पाहिजे. यूट्यूबवाला तुमचा फोन उचलणार नाही.

तुमच्या बाबतीत तो माणूस पुतण्याच दिसतोय. म्हणून तुम्हीही आर्च टाका असं मी म्हणत नाही. आर्चला अपडेट रोज येत राहतात आणि अधूनमधून एखादा अपडेट करण्याआधी त्यांच्या साइटवरची सूचना वाचून हाताने काहीतरी करावं लागतं. पुतण्या ते करतो, त्याला त्यात मजाही येते. मार्चअखेरीला तुम्हाला येणार नाही. पण ज्याला आर्च येतं त्याला मिंट झोपेतही सांगता येतं. त्याला फोन करा आणि सरळ विचारा, 'मिंट टाकलं तर तू फोनवर सांगशील का?' हो म्हणाला तर प्रश्न मिटला.

माझी शिफारस लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. मिंटच्या तीन आवृत्त्या आहेत: सिनॅमन, माटे, एक्सएफसीई. दिसण्यात सिनॅमन सगळ्यात देखणी, एक्सएफसीई सगळ्यात हलकी. ४ जीबी रॅममध्ये ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की सिनॅमन धापा टाकतो. रॅम ८ झाली तर खुशाल सिनॅमन घ्या. २२ क्रमांकाची मालिका घ्या, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

उबुंटू का नको? वाईट नाही, पण त्याची पट्टी डाव्या कडेला उभी असते आणि ४ जीबीत ते जड पडतं. शिवाय फायरफॉक्स तिथे स्नॅप नावाच्या पुडक्यात येतो. फिरणाऱ्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला फारच वेळ घेतो. मिंटवाल्यांनी २०२० मध्ये स्नॅप मुळातच बंद करून टाकलं, फायरफॉक्स ते साध्या पॅकेजमधून देतात. सीडी_आली_होती यांना राग येईल, पण तुमच्या मशीनवर फरक डोळ्यांना दिसतो.

झोरिनला माझी हरकत नाही. पुतण्या झोरिन सांगू शकत असेल तर झोरिन टाका.

आता खरी गोष्ट. तुमचा लॅपटॉप हळू आहे तो विंडोजमुळे कमी आणि त्या फिरणाऱ्या डिस्कमुळे जास्त. तालुक्याच्या कुठल्याही रिपेअरवाल्याकडून अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. २५६ जीबीची भरपूर झाली. मिंट स्वतः २० जीबीतही बसतं. रॅम सध्या महागली आहे, ती नंतर बघू. एसएसडी मात्र आधी.

आणि यात एक फायदा आपोआप मिळतो. जुनी डिस्क पुसायची नाही! ती काढून, कागदात गुंडाळून, वर 'विंडोज, श्रीलिपी' असं लिहून कपाटात ठेवायची. नव्या एसएसडीवर मिंट टाकायचं. नाही जमलं तर जुनी डिस्क परत बसवली की तुमचं होतं तसं सगळं हजर. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी ठेवायचा प्रकारही असतो, पण त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करावं लागतं. नाही तर विंडोज आपलं पार्टिशन अर्धवट झोपलेलं सोडून जातं आणि लिनक्समधून त्यात काही लिहिता येत नाही. त्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नये असं माझं मत आहे.

पण एसएसडीला पैसे घालायच्या आधी फुकटात एक चाचणी करा. पेनड्राइव्हवरून मिंट 'लाइव्ह', म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. डिस्कला हातही लागत नाही. लॅपटॉप सुरू करताना एफ१२ दाबत राहा, डेलमध्ये बूटची यादी त्यानेच येते. त्यातून पेनड्राइव्ह निवडा. मग बघा: वायफाय दिसतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का, स्क्रीनचा उजेड कमीजास्त होतो का. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. त्या काळातल्या काही लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं कार्ड असतं, त्याचा ड्रायव्हर नंतर टाकावा लागतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडला की तो स्वतःच सुचवतो.

लाइव्हमध्ये सगळं संथ वाटेल. पेनड्राइव्हचा वेग तेवढाच असतो, त्यावरून मत बनवू नका.

मराठी टायपिंगचं वेगळं लिहिते, तो मोठा विषय आहे. आत्ता प्रॅक्टिकलची बॅच आली.

---

सीडी_आली_होती

राग आला नाही, ताई. स्नॅपबद्दल आमच्यातही धुसफूस आहे. पण पट्टी खाली आणता येते, हे नोंदीसाठी.

---

पुस्तकांचा_गठ्ठा

विषय वाचनालयाचा निघालाच आहे तर 'कोहा'चा विचार करा. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, २००० सालापासून वापरात आहे, मुक्तस्रोत आहे आणि लिनक्सवरच चालतं. आपल्याकडे बऱ्याच महाविद्यालयांत आहे. देवघेव, सभासद, दाखलनोंद, सगळं त्यात बसतं.

---

ड_वर्गवाला

सर्वांचे आभार. ताई, तुमचं उत्तर कार्यकारिणीच्या इतिवृत्तात घालण्यासारखं आहे.

पुतण्याला फोन केला. आधी हिरमुसला. मग म्हणाला, 'मिंट असेल तर मी माझ्या मशीनमध्ये व्हर्च्युअल का काय ते करून तेच टाकून ठेवतो, म्हणजे दोघांसमोर एकच चित्र राहील.' नऊनंतर केव्हाही फोन करा म्हणाला. म्हणजे तुमचा प्रश्न सुटला.

कोहाबद्दल: आमची दाखलनोंद हातवहीत आहे आणि सभासद मला चेहऱ्याने माहीत आहेत. तूर्त तेवढं पुरे.

कुणीतरी 'बॉस' म्हणून सरकारी लिनक्स असल्याचं सांगितलं. आपण सरकारी अनुदानावरचे, तर तेच घ्यावं का?

आता श्रीलिपीचं सांगा. जीव तिथे अडकलाय.

---

लॅबवाली

पुतण्याला माझ्याकडून शाबासकी द्या.

बॉस हे सीडॅक या सरकारी संस्थेने केलेलं, डेबियनवरचं. सरकारी कार्यालयं डोळ्यांसमोर ठेवून केलंय. अनुदानाशी त्याचा संबंध नाही, तुम्ही काय वापरता ते कुणी तपासायला येत नाही. माझी कसोटी पुन्हा तीच: फोन कुणाला करणार? बॉस रोज वापरणारा माणूस तुमच्या ओळखीत असेल तर विचार करा.

आता मराठी. यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

एक, जुन्या फायली बघणं आणि छापणं. श्रीलिपीतली फाइल म्हणजे संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते, त्यावर मराठी चित्रांचा फॉन्ट चढवलेला. फॉन्ट असला की मराठी दिसतं, नसला की नुसता कचरा. म्हणजे तुम्हाला फॉन्टची फाइल लागेल. तुमच्या विंडोजमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ती असेल. पेनड्राइव्हवर घ्या, मिंटमध्ये तिच्यावर दोनदा क्लिक करा, इन्स्टॉलचं बटण येतं. मग लिबरऑफिस रायटरमध्ये, म्हणजे वर्डसारख्या फुकट प्रोग्राममध्ये, जुना अहवाल उघडा. दिसेल आणि छापलाही जाईल. ओळी थोड्या इकडेतिकडे सरकतील, विशेषतः तक्त्यांत. याला उपाय सोपा आहे: विंडोज अजून चालू आहे तोवर सगळे जुने अहवाल उघडून पीडीएफ करून ठेवा. जुन्या अहवालात तुम्ही एरवी काय बदलणार आहात? संदर्भाला पीडीएफ पुरते.

दोन, नवीन टाइप करणं. श्रीलिपीचा कळफलक चालवणारं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, ते मिंटवर मागू नका. नवीन सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीने, करा. तसंही आता शासनाकडे जाणारं मराठी युनिकोडमध्येच लागतं, त्यामुळे हे कधीतरी करायचंच होतं. बोटांची काळजी करू नका. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज शोधून टाका, भाषेच्या सेटिंगमध्ये इनपुट मेथड म्हणून आयबस निवडा, लॉगआउट करून परत या. मग आयबसच्या यादीत मराठीखाली इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स, गमभन आणि रेमिंग्टन दिसतील. रेमिंग्टन घ्या. गमभन ही मराठी संकेतस्थळांवरची जुनी टायपिंगची पद्धत, तिचं नाव बघून इथल्या जुन्या मंडळींना बरं वाटेल.

एक फरक मात्र बोटांना जाणवेल, तो आधीच सांगते. टंकयंत्रावर आणि श्रीलिपीत तुम्ही दिसतं त्या क्रमाने मारता. 'कि' लिहायचं तर पहिली वेलांटी आधी, मग क. रफार सगळ्यात शेवटी. युनिकोड मात्र उच्चाराच्या क्रमाने साठवतं: आधी क, मग वेलांटी, 'सूर्य' मध्ये आधी र, मग हलन्त, मग य. रेमिंग्टनचा कळफलक ही उलथापालथ पाठीमागे करून द्यायचा प्रयत्न करतो, पण बॅकस्पेस मारलात की तो कधी कधी गडबडतो. वेलांटी चुकली तर नुसती वेलांटी पुसत बसू नका, अख्खं अक्षर पुसून परत मारा.

याच कारणाने श्रीलिपीतून युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी साधनं नेमकी रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत मार खातात. मागच्या वर्षीच्या अहवालाचा सांगाडा वापरायचा असेल तर रूपांतर करून घ्या, पण 'वर्ष', 'कार्यकारिणी', 'निधी', 'खर्च' हे शब्द डोळ्यांत तेल घालून तपासा. अहवालात याच शब्दांची गर्दी असते.

फॉन्टचं: मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, तो मिंटबरोबर येत नाही. कुणी मंगलमध्ये पाठवलेलं पत्र तुमच्याकडे नोटो किंवा लोहितमध्ये दिसेल. मजकूर तोच, रूप वेगळं. छपाईला मला स्वतःला मुक्ता आवडतो, आपल्याकडच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा आहे आणि मोफत आहे.

---

रूट_आहे_मी

ओके, मी आर्चचा हट्ट सोडतो. दोन कामाच्या गोष्टी सांगतो.

काका, मिंटची आयएसओ, म्हणजे ते बसवायची मूळ फाइल, त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, कुणाच्या गुगल ड्राइव्हवरून नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइट हॅक झाली होती आणि तिथल्या लिंकवरून काही काळ लोकांना मागचं दार, म्हणजे परक्याला आत शिरायची चोरवाट, असलेली आयएसओ मिळत होती. त्यामुळे फाइल उतरवली की तिचा शा-२५६, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा, आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळतो का ते पुतण्याकडून बघून घ्या. फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, गावात नेट हळू असेल तर त्यालाच आणायला सांगा.

दुसरं, पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाका. मग त्यावर आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. मिंट एक्सएफसीई, सिनॅमन आणि झोरिन तिन्ही एकाच पेनड्राइव्हवर ठेवा आणि सुरू करताना यादीतून निवडा. इथे भांडण्यापेक्षा तिन्ही डोळ्यांनी बघा. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्या वेळी निळ्या स्क्रीनवर किल्ली नोंदवायला लावतं. ते बघून घाबरू नका.

---

ठाकुर्ली_स्लो

पुतण्या मिंट सांगणार म्हटल्यावर मी गप्प. फक्त एक, बँकेच्या साइटला ब्राउझर चालतो, पण डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर आधी त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते बघा. वाचनालयाला लागत नसेल, पण इथे वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल.

---

ड_वर्गवाला

पुतण्या रविवारी आला होता. पेनड्राइव्ह तयार करून दिला. तिन्ही बघितली. सिनॅमन छान दिसतं, पण ताई म्हणतात तसं धापा टाकतं. एक्सएफसीई जरा जुन्या सरकारी कचेरीसारखं दिसतं, त्यामुळे मला लगेच सवय झाली.

वायफाय आपणहून दिसलं. आवाज येतो. झाकण मिटून उघडलं की जागा होतो. रेमिंग्टन सापडलं, बोटं चालली. पुतण्या बघतच राहिला, त्याने कुणाला असं टाइप करताना पाहिलंच नव्हतं.

एसएसडीची ऑर्डर दिली आहे. जुनी डिस्क कपाटात जाईल.

तीन अडचणी आल्या.

प्रिंटर जोडला तर यादीत नाव दिसतं, पण कागद सरकत नाही.

'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्यांना' यातला ऱ्य रेमिंग्टनमध्ये जमत नाही, 'दुसर्‍या' ऐवजी रफार चढून 'दुसर्या' होतं. अध्यक्ष मराठीचे निवृत्त शिक्षक आहेत, ते हे चालू देणार नाहीत.

आणि रायटरमध्ये अक्षराचा आकार बदलला तर कधी बदलतो, कधी ढिम्म हलत नाही.

---

लॅबवाली

अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा, बरोबर आहे त्यांचं.

प्रिंटर: १०२० हा असा प्रिंटर आहे की चालू केल्यावर दर वेळी संगणकाने त्याच्यात फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा छोटा प्रोग्राम, भरावं लागतं. ते एचपीच्या प्लगइनमध्ये असतं आणि ते मिंटबरोबर आपोआप येत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचपीलिप-जीयूआय टाका. मेन्यूत एचपीचं टूलबॉक्स येईल. त्यातून प्रिंटर नव्याने जोडा, मध्येच ते प्लगइन उतरवू का विचारेल, हो म्हणा. त्या वेळी इंटरनेट चालू हवं. मिंट किंवा एचपीलिप पुढे अपडेट झालं आणि प्रिंटर पुन्हा गप्प बसला तर हेच प्लगइन परत टाकायचं, ही एक ओळ वहीत लिहून ठेवा. लाइव्हमध्ये केलेलं बंद केल्यावर पुसलं जातं, त्यामुळे हे एसएसडीवर मिंट बसवल्यावरच करा.

ऱ: हे युनिकोडमध्ये वेगळंच अक्षर आहे, र नव्हे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की येतं. म्हणजे 'ऱ्या' साठी शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. तुम्ही इनस्क्रिप्टवर जाणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून दुसरा मार्ग: रायटरमध्ये टूल्स, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, तिथे भाषा मराठी निवडा आणि शब्दांच्या जोड्या घाला. डावीकडे 'दुसर्या', उजवीकडे 'दुसऱ्या'. उजवीकडचे शब्द इथूनच कॉपी करा: दुसऱ्या, तिसऱ्या, कर्मचाऱ्यांना, कर्मचाऱ्यांचे, पदाधिकाऱ्यांनी, अधिकाऱ्यांकडे, व्यापाऱ्यांनी. वाचनालयाच्या अहवालात फार तर वीस-पंचवीस शब्द निघतील. 'र्या'चं सरसकट 'ऱ्या' करू नका, नाही तर 'कार्यालय'चं 'काऱ्यालय' होईल आणि अध्यक्ष तेही पकडतील.

अक्षराचा आकार: लिबरऑफिसमध्ये इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा असतो, आकारही वेगवेगळे. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथे मराठी निवडा. मग स्टाइल्समध्ये डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल उघडलीत की फॉन्टच्या पानावर दोन भाग दिसतील. तुमचा मजकूर कॉम्प्लेक्सवाल्या भागात बसतो, फॉन्ट आणि आकार तिथे ठरवा. एकदा ठरवून ही फाइल साचा म्हणून सेव्ह केली की दर वर्षी तीच उघडायची.

आणि सीए साहेबांसाठी कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या एक्सेलमध्ये, ऑप्शन्समधल्या लोड-सेव्हच्या पानावर, स्प्रेडशीट कायम एक्सेलच्या नमुन्यात सेव्ह होईल असं ठरवून टाका. नाही तर तुम्ही ओडीएस, म्हणजे कॅल्कच्या स्वतःच्या नमुन्यातली फाइल, पाठवाल आणि ते फोन करतील.

एसएसडीवर मिंट बसलं की टाइमशिफ्ट सुरू करा. ते सिस्टीमची प्रत ठेवतं, एखादा अपडेट बिघडला तर मागे जाता येतं. तुमच्या अहवालांची प्रत मात्र ते ठेवत नाही, ती पेनड्राइव्हवर तुम्हीच घ्यायची, दर शनिवारी.

---

ड_वर्गवाला

ताई, 'पदाधिकाऱ्यांनी' कॉपी करून घेतलं. यादीत 'वर्गणीदाराऱ्यांची' असा एक शब्द पुतण्याने गंमत म्हणून घातला होता, तो काढला.

एसएसडी गुरुवारी येते आहे. प्रिंटरचं प्लगइन त्याच रात्री नऊनंतर.